ओ देणारी

गोजरबाईला कुणी हाक मारली की ती आधी ओ द्यायची आणि मग कुणी मारली ते बघायची. ही तिची जन्माची खोड. गल्लीत कुणी भलत्याच बाईला हाक मारली तरी हिच्या तोंडून 'ओ' गेलीच म्हणून समजा. चूक लक्षात आली की मग पदर तोंडाला लावून हसायची. सून मोनिका म्हणायची, "आई, एखाद्या दिवशी यमानं शेजारणीला हाक मारली तरी तुमीच उठून जाताल." त्यावर गोजरबाई अजूनच हसायची. त्या घरात तेव्हा यमावरूनसुद्धा विनोद चालत होते.

औरंगपुऱ्याच्या मागं एका हौशी वकिलांनी जन्मभर जमवलेल्या वस्तूंचं छोटं संग्रहालय आहे. वेरूळ-अजिंठ्याला निघालेले पाहुणे तिकडं फिरकत नाहीत. गावातल्यांनाही ते शाळेची सहल निघाली की आठवतं. अडकित्ते, बिदरी हुक्के, विटलेल्या पैठण्या, दरवाजांच्या कड्या, असला सगळा माल. गोजरबाई तिथं एकोणीस वर्षं झाडलोट करत होती. फरशी पुसायची, काचा पुसायची, माठ भरायचा, आणि सहलीतलं एखादं पोर रडायला लागलं तर त्याला नळावर नेऊन तोंड धुवायचं. हे शेवटचं काम तिला कुणी सांगितलेलं नव्हतं, पण ते तिच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की तिच्याशिवाय दुसरं कुणी उठायचंही नाही.

आतल्या खोलीत, भिंतीला लागून, एका काचेच्या कपाटात अकरा बाहुल्या होत्या. वकिलांचे आजोबा निजामाच्या चाकरीत होते. कुण्या नवाबाबरोबर विलायतेला गेले आणि परत येताना मिसर देशातून, म्हणजे इजिप्तहून, ह्या बाहुल्या गोधडीत गुंडाळून घेऊन आले, अशी हकीकत तिथल्या पाटीवर लिहिलेली आहे. भाजलेल्या मातीच्या, वीतभर उंचीच्या. वरून पांढऱ्या रंगाचा हात दिलेला, त्यावर काळे केस, लाल-पिवळे पट्टे, डोळे कानापर्यंत ओढलेले. हात छातीवर आडवे बांधलेले आणि मुठीत इवल्याशा कुदळी. पाय नाहीतच, दुपट्यात गुंडाळलेल्या बाळासारखं खालचं अंग. पोटावरून खाली काळ्या रंगात चिमण्यापाखरांसारखी अक्षरं. गोजरबाईला ती खेळणी वाटायची. सतरा वर्षं तिनं ती खेळणी म्हणूनच पुसली.

दोन वर्षांपूर्वी निशा मॅडम आल्या. त्या पिशोरकडच्या, जुन्या वस्तूंचंच शिक्षण घेतलेल्या. आवाज इतका हळू की सहलीतल्या पोरांना कान टवकारावे लागायचे, आणि त्यामुळंच पोरं गप्प बसायची. त्यांनी सांगितलं की ही खेळणी नव्हेत, ह्या मेलेल्या माणसाबरोबर थडग्यात ठेवायच्या बाहुल्या आहेत.

"त्या लोकांची समजूत अशी होती," निशा मॅडम सांगायच्या, "की मेल्यावरही तिकडं शेती असते. पाट खणायचे असतात, वाळू या काठावरून त्या काठावर न्यायची असते. तिकडचा राजा नावानं हाक मारतो, चला, कामाला चला. आता श्रीमंत माणूस मेल्यावर तरी कशाला कुदळ धरेल? म्हणून ह्या बाहुल्या. मालकाच्या नावाचा पुकारा झाला की मालकाऐवजी बाहुलीनं उठायचं आणि म्हणायचं, हा मी, इथे आहे. म्हणून यांचं नावच आहे, उत्तर देणारा."

दारात झाडूला टेकून उभी असलेली गोजरबाई म्हणाली, "म्हंजे ओ देणारी."

पोरं खिदळली. निशा मॅडमही हसल्या, पण त्यांना तो शब्द आवडला असावा, कारण पुढच्या सहलीला त्यांनी तोच वापरला. त्या अकरांत एक बाहुली निराळी होती. तिच्या हातात कुदळीऐवजी चाबूक. गोजरबाई बहात्तरच्या दुष्काळात, दहा वर्षांची असताना, आईबरोबर खडी फोडायला गेलेली. ती म्हणाली, "ह्यो मुकादम. आमच्यावरबी असाच व्हता, असंच पोट पुढं काढून." आणि सगळ्यात डावीकडं, सगळ्यात लहान, एक बाहुली होती, तिच्या पोटावरच्या अक्षरांत मध्येच बोटभर जागा कोरी होती.

"ह्या बाजारात तयार मिळायच्या," निशा मॅडमनी सांगितलं. "नाव नंतर घालायचं. हिच्यावर घालायचं राहून गेलं."

"मग ही कुणाच्या जागी ओ देनार?"

"ज्याचं नाव लिहिलं जाईल त्याच्या जागी, मावशी. कुणी लिहिलंच नाही."

गोजरबाईला त्या बाहुलीची कीव आली. पुढं कपाट पुसताना तिला ती जरा जास्त वेळ पुसायची.

आता तिच्या घराकडं येऊ. मुकुंदवाडीत दोन खोल्या. नवरा बन्सी, मुलगा शिवराज, सून मोनिका, आणि चौथीत शिकणारी नात संस्कृती. बन्सी माणूस वाईट नव्हता. दारू नाही, मारझोड नाही. पण पाण्याचा तांब्या आपण होऊन उचलावा हे त्याला जन्मात सुचलं नाही. खाटेवर बसायचा आणि हाक मारायचा, "गोजेऽऽ!" तांब्या हातभर अंतरावर असला तरी "गोजेऽऽ!" शेवटची तीन वर्षं अर्धांगवायूनं एक बाजू गेली तेव्हा त्याच्या हाकांना निदान कारण तरी मिळालं. बेचाळीस वर्षांत गोजरबाईनं त्याला एका गोष्टीसाठी दुसरी हाक मारू दिली नाही.

ती कामाला गेली की दुपारी घरात बन्सी आणि शाळेतून आलेली संस्कृती. मोनिका शिवणाच्या क्लासला. बन्सीला सवयीनं हाक मारायची एवढंच कळायचं, घरात कोण आहे हे तो बघायचा नाही. तो "गोजेऽऽ!" म्हणायचा. संस्कृतीला आजीनं बाहुल्यांची गोष्ट सांगितलेली, शनिवारी संग्रहालयात नेऊन दाखवलेली. त्या पोरीनं त्याचा खेळ केला. आबानं, म्हणजे आजोबानं, हाक मारली की ती खाटेपुढं येऊन ताठ उभी राहायची, पाय जुळवायची, हात छातीवर आडवे घ्यायची, डोळे मोठे करायची आणि म्हणायची, "ओ! हाय मी इथं!" आणि मग पाणी, चष्मा, तंबाखूची डबी, जे असेल ते आणून द्यायची. बन्सी तोंडाच्या चांगल्या बाजूनं हसायचा. संध्याकाळी गोजरबाई आली की पोरगी सांगायची, "आजी, आज मी तुझ्या जागी अकरा वेळा ओ दिली."

गोजरबाई तिचं नाक चिमटीत धरायची. "माझी बदली गं तू. माझी गुणाची बाहुली." गल्लीतल्या बायकांना बोलावून तिनं तो खेळ दाखवला होता. पोरीनं कपाळावर लाल-पिवळे पट्टे ओढून घेतले होते, ते पण हिनंच ओढून दिले. मी हे सगळं तपशिलानं सांगतो आहे, कारण पुढं याच आठवणींनी तिला आतून खाल्लं.

जानेवारीत एका सकाळी बन्सी गेला. चहा झाला, बशी खाली ठेवली, आणि हाक न मारताच गेला. दहाच्या सुमाराला देवगाव रंगारीहून त्याची थोरली बहीण सरूबाई आली. ती आल्या आल्या रडली आणि रडता रडताच तिनं जोशीबुवांना पंचांग बघायला लावलं. बन्सी पंचकात गेला होता. पंचकात माणूस गेलं की ते आपल्यामागं घरातली पाच माणसं ओढून नेतं, असं आपल्याकडं मानतात. त्यावर उपाय ठरलेला आहे. कणकेचे पाच पुतळे करायचे, तिरडीवर मयताबरोबर ठेवायचे आणि त्याच्याबरोबर जाळायचे. माणसांच्या जागी पुतळे जातात, माणसं राहतात.

सरूबाईनं परात पुढं ओढली. गोजरबाई मयताच्या उशाशी बसलेली होती, ती उठली आणि परात हिसकावून घेतली. "मी करते." नवरा गेलेल्या बाईनं असलं काम करायचं नसतं, पण तिच्या तोंडाकडं बघून कुणी तिला अडवलं नाही. तिनं कणीक मळली आणि पुतळे केले. पायाशी गुंडाळलेले, हात छातीवर बांधलेले. एकोणीस वर्षं जे रोज पुसलं तेच हाताला येणार. एकेक करताना तिनं मनात नाव घेतलं. हा शिवराजचा. ही मोनिकाची. ही संस्कृतीची, हिचे हात तिनं दोनदा नीट केले. ही सरूबाईची.

पाचव्याची कणीक हातात होती. पाचवा स्वतःचा. गोजरबाई थांबली. तिच्या मनात आलं, सगळ्यांना राखलं, मला कशाला राखायचं? आणि तिथं ह्या माणसाला पाणी कोण देईल? एक हात उचलत नाही, चष्मा कुठं ठेवला ते आठवत नाही. हाक मारील, आणि कुणीच उठायचं नाही. तिनं तो गोळा पदराखाली घेतला आणि नंतर दारातल्या शेळीला घातला. फुलांच्या ढिगाखाली पुतळे चार आहेत की पाच, ते कुणी मोजलं नाही. ही माया म्हणायची की सवय, ते ठरवणारा मी कोण? तिला विचारलं असतं तर ती सवय म्हणाली असती.

त्यानंतर ती वाट बघत राहिली. अगदी तयारीनं. चांगली लुगडी मोनिकाला देऊन टाकली, कानांतली फुलं काढून डबीत ठेवली, संस्कृतीला केसांची वेणी स्वतःची स्वतः घालायला शिकवली. पोरीनंही तिला या दिवसांत एक गोष्ट शिकवली होती, पाटीवर 'गोजर' लिहायला. तीनच अक्षरं, पण ज उलटा पडायचा. महिने गेले, हाक काही आली नाही. बन्सीनं जिवंतपणी तिला कधी एवढं थांबवलं नव्हतं.

गणपती उठल्यावर आठवड्यानं संस्कृतीला ताप भरला. गल्लीत सगळीकडंच तापाची साथ होती. डेंग्यू निघाला. तिसऱ्या दिवशी तिला घाटीत, सरकारी दवाखान्यात, दाखल केलं, मुलांच्या वॉर्डात खिडकीजवळची खाट मिळाली. रोज रक्त तपासायचे आणि रोज पेशी कमी झाल्याचं सांगायचे. शिवराजनं पपईच्या पानांचा रस आणला, मोनिकानं नवस बोलले. गोजरबाई नुसती पोरीचे तळवे चोळत बसली. तिला तेव्हा भीती होती, पण ती सगळ्यांना होती तेवढीच.

पाचव्या दिवशी दुपारी संस्कृतीला ताप डोक्यात गेल्यासारखं झालं. डोळे अर्धे उघडे, ओठ कोरडे. आणि ती एकदम म्हणाली, "ओ."

मोनिका वाकली. "काय गं बाळा?"

"ओ, आबा. हाय मी इथं." मग जरा थांबून, "आनते."

शिवराज म्हणाला, "तापात बडबडतीय." सिस्टरनं कपाळावर ओली पट्टी बदलली.  गोजरबाई खाटेचा लोखंडी दांडा धरून खाली बसली. एका क्षणात तिला सगळं लख्ख कळलं, किंवा कळलं असं वाटलं, आणि असं वाटणं हेच फार भयंकर असतं. बन्सीनं हाक मारलीच होती. हाक तिलाच होती. जन्मभर मारली तीच, 'गोजे.' पण ओ दिली पोरीनं. हिनंच तर तिचं कौतुक केलं होतं, माझी बदली गं तू म्हणून. पोरीचा पुतळा जळला, पण त्याचा काय उपयोग? हाक पोरीच्या नावाची नव्हतीच. हाक होती गोजरच्या नावाची, आणि गोजरचा पुतळा शेळीनं खाल्ला होता.

हे ती कुणाला सांगणार? शिवराजला सांगितलं असतं तर तो तिच्यावर ओरडला असता. मोनिकाला सांगण्याची तिची छाती झाली नाही. तिनं रात्रभर एकच केलं, पोरीच्या कानाशी पुटपुटत राहिली, "ओ दिऊ नको. माझ्या बाये, कुणी हाक मारली तरी ओ दिऊ नको."

सकाळी ताप उतरला. पोरीनं डोळे उघडले, दोन चमचे पाणी घेतलं, खिडकीतल्या कबुतराकडं बघितलं. मोनिका आनंदानं रडायला लागली. डॉक्टर आले आणि म्हणाले, "ताप उतरला म्हणजे सुटलो असं समजू नका. यात आजचा आणि उद्याचा दिवसच जपायचा असतो. हातपाय गार वाटले तर लगेच सांगा." शिवराजनं मान डोलावली, पण त्याच्या कानात पहिलं अर्धंच वाक्य शिरलं असावं. गोजरबाईनं मात्र पोरीकडं बघितलं. दमून पडलेल्या पोरीनं हात छातीवर आडवे घेतले होते.

तिनं पिशवी उचलली. त्यात शेजारच्या बाईनं पाठवलेली भाकर-चटणी कालपासून तशीच होती.

"आजी, कुठं चाललीस?"

"आलेच बाळा. हितंच जाऊन आले."

"लवकर ये."

"व्हय गं माय. गेले आणि आले."

संग्रहालय नुकतंच उघडलं होतं. निशा मॅडम टेबलापाशी वही लावत होत्या. त्या उठूनच आल्या. "मावशी, तुम्ही कशाला आलात? पोरगी कशी आहे?"

"ताप उतरला."

"बरं झालं. मग तिच्याजवळ बसा ना. इथलं मी बघते."

"काचा तेवढ्या पुसून जाते. जीव लागत नाय."

निशा मॅडमना वाटलं, बाई घाबरलेली आहे, हाताला काम असलं तर तिला बरं वाटेल. त्या परत टेबलाकडं गेल्या. आतल्या खोलीत फोन बंद ठेवायचा असा तिथला नियम. गोजरबाईनं सवयीनं आपला छोटा फोन काढला, लाल बटण दाबून धरलं, फोन बंद झाला तसा तो पिशवीत टाकला. मग किल्ली लावून कपाट उघडलं. एकोणीस वर्षांत तिनं तिथली टाचणी घरी नेलेली नव्हती. आज तिनं डावीकडची, कोऱ्या पोटाची, सगळ्यात लहान बाहुली उचलली, पदरात गुंडाळली, आणि बाजूच्या दोघी जराशा सरकवून मधली जागा भरून काढली. मनात पाप आहे असं तिला क्षणभरही वाटलं नाही. जाता जाता पाहुण्यांच्या वहीजवळचं काळं स्केचपेन तिनं उचललं, ते मात्र चोरी केल्यासारखं वाटलं.

बाहेर पायरीवर बसून तिनं नाव घातलं. तीन हजार वर्षांवर कोरी राहिलेली जागा, तिच्यात तिनं दोन्ही हातांनी पेन धरून लिहिलं, गोजर. ज उलटाच पडला. तिला वाटलं, बन्सीला कुठं वाचता येत होतं? नाव असलं म्हणजे झालं.

स्मशानात त्या वेळी कुणी नव्हतं. भिंतीच्या कडेला लिंबाखाली बन्सीला जाळलं होतं, ती जागा तिला पाठ होती. तिनं दगडानं आणि बोटांनी खड्डा केला. नखात माती गेली, एक नख उलटलं, पण तिला ते कळलं नाही. बाहुली खड्ड्यात उभी केली आणि मग ती बन्सीशी बोलायला लागली. आधी हळू, मग मोठ्यानं.

"अवं, ऐकलं का? मी आलेय. गोजर. ही घ्या. हिच्यावर माझं नाव लिवलंय. आता हाक मारा, ही ओ दील. पाणी मागा, चष्मा मागा, पाय चेपून घ्या, ही नाय म्हणायची नाय. पर पोरीला बोलवू नका. ती खेळत व्हती वो. ती नुसती खेळत व्हती. बेचाळीस वर्सं तुमच्या एका हाकंला उठले. अंगात ताप असला तरी उठले, शिवराज चार दिसांचा व्हता तवा उठले. कधी म्हणलं का, अवं, एकदा तुमी उठा? मी तर माझा पुतळाबी केला नाय तुमच्यापायी. मलाच न्यायचं व्हतं ना! मी काय पळून चालले व्हते का? म्हातारपणी तरी जरा डोळे उघडून बघत जावा, ओ कोण देतंय ते. तिचा आवाज वळकू येत नाय का तुमाला? नऊ वर्सांची हाय ती. तिला सोडा. तुमच्या पाया पडते, तिला सोडा."

ती खरंच पाया पडली, त्या मातीला डोकं लावून. मग तिनं बाहुलीवर माती लोटली आणि हातानं थोपटून सारखी केली.

(ती बाहुली पंधरा दिवसांनी तिनंच उकरून संग्रहालयात नेऊन दिली. निशा मॅडमनी ती कापडानं पुसली आणि नाव तसंच राहू दिलं. हे इथंच सांगून टाकतो. पुढं ते सांगायचा मला जीव व्हायचा नाही.)

माती थोपटून झाली आणि गोजरबाईच्या छातीवरचा दगड उतरला. आता झालं. आता हाकेला ओ द्यायला कुणीतरी बसवलं होतं. तिला एकदम भूक लागली. तीन दिवसांत तिच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. लिंबाच्या सावलीत भिंतीला टेकून तिनं ती शिळी भाकर काढली आणि सावकाश, चावून चावून, चटणीबरोबर सगळी खाल्ली. गार वारा होता. पोरीला बरं वाटल्यावर तिला घेऊन दौलताबादला जायचं, तिला ती तोफ बघायची आहे, असं काहीबाही तिच्या मनात येत राहिलं. आणि पाच रात्रींची जागलेली ती बाई तशीच बसल्या बसल्या झोपून गेली.

जाग आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. ती गडबडीनं उठली, पदर झटकला, रिक्षात बसली. फोन पिशवीत बंदच पडलेला आहे हे तिला आठवलंच नाही.

दवाखान्याच्या जिन्याशी निशा मॅडम उभ्या होत्या. त्यांना तिथं बघून गोजरबाईचा जीव दचकला. तिला वाटलं, कपाट बघितलं, आता पोलिसात देतील. तिनं हात जोडले. "मॅडम, ती बाहुली..."

"राहू दे ती बाहुली, मावशी," निशा मॅडम म्हणाल्या. शिवराजचा फोन आईला लागेना, म्हणून त्यानं संग्रहालयात केला होता. निशा मॅडम तिला शोधायला आतल्या खोलीत गेल्या तेव्हा त्यांना कपाट दिसलं होतं. तरी त्या तडक इकडं आल्या होत्या. त्यांनी गोजरबाईचा मातीनं भरलेला हात धरला. "वर चला."

त्यांनी 'मावशी' इतकं हळू म्हटलं की गोजरबाईला कळलं. तरी ती जिना चढली. माणूस कळल्यावरसुद्धा चढतो.

खिडकीजवळच्या खाटेवर पांढरी चादर होती. शिवराज भिंतीला कपाळ लावून उभा होता, तो वळला नाही. मोनिका खाटेच्या कडेला बसलेली. तिचे डोळे कोरडे होते. तिनं सासूकडं बघितलं, तिच्या नखांतली माती बघितली, आणि ती रागावली नाही. रागावली असती तर गोजरबाईला सोपं गेलं असतं.

"अकरा वाजता हातपाय गार पडले तिचे," मोनिका म्हणाली. "डॉक्टर पळत आले, सगळे आले. लई केलं त्यांनी. पर ती एकच धरून बसली, आजी, आजी. मी म्हणलं, येतीय आजी. पाण्याला गेलीय, आली बग. दीड तास हाका मारत व्हती, आई. ह्यांनी फोनावर फोन केले तुमाला."

गोजरबाईनं पिशवीत हात घालून फोन बाहेर काढला, तो बंदच होता.

"शेवटी तिला डोळ्यांनी दिसंना झालं," मोनिका म्हणाली. "म्हणून मग मीच तुमचा आवाज काढला. तिचा हात धरला आणि तुमच्या जागी ओ दिली. तुमी देता तशीच दिली, आई."

 तिनं चादरीची घडी बोटांनी सारखी केली.

"तर म्हणली, नाय, ही मम्मी हाय."